राहिलेल्या बारा मात्रा

वासुदेवरावांच्या पितळी तांब्याच्या बुडाशी एक पोचा आहे. चाळीस वर्षे त्या तांब्यातून त्यांनी सूर्याला अर्घ्य दिले, तेव्हा त्याला ओरखडाही आलेला नव्हता. पोचा आला तो गेल्या श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंतच्या अवधीत, जलतरण तलावाच्या पोलादी शिडीवर तो तांब्या वाजवून वाजवून.

हा तलाव वर्ध्याहून सेलूकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या आवारात आहे. सकाळी सहा ते सात हा तास तिथे प्रौढ जलतरणपटूंसाठी राखलेला असे. पस्तिशी ओलांडलेली सात-आठ माणसे वयोगटांच्या स्पर्धांसाठी तिथे सराव करीत. कुणी दुकानदार, कुणी बँकेतला, एक आंजीहून मोटारसायकलने येणारा शेतकरी. हेमराज त्यांच्यातला सर्वांत वेगवान. वय सेहेचाळीस, सेलूला शेतीच्या औजारांचे वडिलोपार्जित दुकान, आणि पन्नास मीटर मुक्तशैलीत जिल्ह्यात त्याला तोड नव्हती. राज्याच्या स्पर्धेत मात्र गेल्या वर्षी तो चौथा आला. तिसऱ्यात आणि त्याच्यात बोटभराचे अंतर पडले होते, आणि ते बोट कुठे गेले हे त्याला पक्के ठाऊक होते. शेवटच्या पंधरा मीटरांत त्याने दोनदा मान वळवून श्वास घेतला होता.

"दोन डाव दम घेतला अन् मेडल गेलं, गुरुजी," श्रावणातल्या एका सकाळी वासुदेवरावांच्या ओसरीवर बसून तो म्हणाला. "औंदा पुरे पन्नास मीटर एका दमात काढतो. तेवढं मले शिकवा."

वासुदेवरावांनी तेहेतीस वर्षे सेलूच्या शाळेत संस्कृत शिकवले होते, आणि हेमराज त्यांच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी. निवृत्तीनंतर ते वर्ध्यात राहत होते. वय सत्त्याहत्तर, पत्नी निवर्तलेली. पहाटे ओसरीवर चार-पाच माणसांना ते प्राणायाम शिकवीत, आणि त्याबद्दल कुणाकडून काही घेत नसत.

"तुमच्याकडे सराव घेणारा कुणी असेल की," ते म्हणाले.

"आमचं आमीच घेतो. सचिन घड्याळ घेऊन बसते. पन घड्याळ लावलं का ध्यान आकड्यात राह्यते. चाळीस झाले, पन्नास झाले, अन् छाती फाटाले लागते. तुमी मोजाल तर मी निवांत राहीन."

शिष्याने मागितलेले नाकारावे असे त्यात वासुदेवरावांना काही दिसले नाही. त्यांनी त्याला मात्रा समजावून सांगितली. उजवा तळहात गुडघ्यावर ठेवायचा, गुडघ्याभोवती एक प्रदक्षिणा करायची आणि चुटकी वाजवायची. त्यास जो काळ लागतो ती एक मात्रा. फार घाई नको, फार विलंबही नको. बारा मात्रांचा कुंभक कनिष्ठ, चोवीसांचा मध्यम, छत्तिसांचा उत्तम. या मोजणीला दोनच नियम. बसण्यापूर्वी जी संख्या उच्चारली ती अपुरी सोडायची नाही, आणि मोजणी चालू असता बोलायचे नाही.

दुसरा नियम हेमराजला समजावून सांगण्याची गरज नव्हती. सेलूच्या शाळेत एकदा गुरुजी मोजणीस बसलेले असताना त्यांच्या सतरंजीवरून विंचू गेला होता. मुले किंचाळली, गुरुजींनी थांबा म्हणून डावा तळहात वर केला, उजवा हात फिरत राहिला, विंचू त्यांच्या पावलापासून चार बोटांवरून पलीकडे गेला, आणि संख्या पुरी झाल्यावर गुरुजींनी विचारले की काय झाले. ही गोष्ट हेमराज आजही दुकानात गिऱ्हाइकांना सांगत असे.

त्याप्रमाणे सराव सुरू झाला. तलावाच्या खोल बाजूला शिडी होती. हेमराज तिच्या तळच्या पायरीत दोन्ही पाय अडकवून, हातांनी दांडे धरून पाण्याखाली बसे. काठावर, शिडीला लागून, वासुदेवराव चटई टाकून बसत. पाण्याखाली चुटकी ऐकू येत नाही. म्हणून दर बारा मात्रांना ते तांब्या एकदा शिडीवर वाजवीत. तो नाद पोलादातून सरळ हेमराजच्या तळहातांत उतरे. उत्तरादाखल तो उजव्या हाताचे एक बोट वर करी. याचा अर्थ, मी ठीक आहे, पुढे मोजा.

दसऱ्यापर्यंत तो चोवीस मात्रांवर आला, दिवाळीनंतर छत्तिसांवर. पन्नासातले चाळीस मीटर तो आता मान न वळवता जात होता. काठावरच्या माणसांना हे सारे कौतुकाचे वाटे. बाकीचेही बसून गुरुजींकडून मोजून घेऊ लागले. एक सचिन तेवढा कधी कधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून हसे. तो बँकेत रोखपाल होता, आणि थट्टा केल्यावाचून त्याला चैन पडत नसे.

"गुरुजी, तुमची मात्रा तालुक्याच्या कामावानी लांबून राह्यली," तो एकदा म्हणाला. "आज फाइल पुढं सरकतच नाई."

सगळे हसले. वासुदेवरावही हसले. "घड्याळ बाहेरचा काळ मोजते, सचिन. मात्रा देहाचा काळ मोजते. दोन्ही एक कसे असतील?"

सचिनने हात जोडले आणि पाण्यात सूर मारला.

तलावावर जीवरक्षक म्हणून चिंधू होता. पन्नाशीचा, काटक, धाम नदीच्या डोहांत मासे धरीत लहानाचा मोठा झालेला. पुरात वाहून गेलेली माणसे त्याने काढली होती. काही जिवंत, काही नाही. तो फारसा बोलत नसे. पण हेमराज पाण्यात उतरण्यापूर्वी जोरजोराने, भात्यासारखा श्वास घेऊन सोडू लागला, तेव्हा त्याच्याने राहवले नाही.

"हेमराजभाऊ, हे फुसफुस कायले करून राह्यले? आमी डोहात दोन-दोन मिंटं राह्यचो, पन असं करून कोनी उतरत नव्हतं. दम लागला पाह्यजे बापा. दम लागते म्हनून तं मानूस वर येते."

"अरे, तुले नाई समजत ते," हेमराज म्हणाला. "याच्यानं छाती मोकळी होते. इचार गुरुजीले."

चिंधूने गुरुजींकडे पाहिले. वासुदेवरावांनी स्वतः ओसरीवर ही क्रिया वर्षानुवर्षे शिकवली होती. कुंभकापूर्वी ती करावी असेच ते सांगत. ओसरीवर बसलेला माणूस आणि पाण्याखाली बसलेला माणूस यांत भेद आहे, हे त्यांच्या मनात आले नाही. "ती शुद्धीची क्रिया आहे, चिंधू," ते सौम्यपणे म्हणाले. "तिने अपाय होत नाही."

"तुमी म्हनता तं बरोबरच असन," चिंधू म्हणाला, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

ती सकाळ मार्गशीर्षातली होती. पाण्यावर वाफ तरंगत होती आणि काठाची फरशी बर्फासारखी गार लागत होती. वासुदेवरावांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता. त्या दिवशी तो इतका सुजला होता की त्यांनी त्यावर लोकरीची पट्टी गुंडाळली होती. पट्टीवरून हात फिरवताना तो अडखळत होता. मांडी घालायलाही त्यांना वेळ लागला, पण ते आले होते. स्पर्धेला सोळा दिवस उरले होते.

"आज अठ्ठेचाळीस," हेमराज म्हणाला.

"जमेल असे वाटले तरच बोल. बोललेली संख्या मागे घेता येत नाही."

"बोललो, गुरुजी." त्याने ओल्या हाताने त्यांच्या पायांना स्पर्श केला, शिडी धरली, वीस-पंचवीस वेळा वेगाने श्वास घेतला आणि सोडला, आणि तो खाली गेला.

इतर मंडळी पलीकडच्या मार्गिकांमध्ये फेऱ्या मारीत होती. चिंधू शिडीपासून सात-आठ पावलांवर होता. वासुदेवरावांनी मोजणी आरंभली. बारा झाल्या, तांब्या वाजला, बोट वर आले. चोवीस झाल्या, तांब्या वाजला, बोट वर आले. छत्तीस झाल्या, तांब्या वाजला.

बोट वर आले नाही.

वासुदेवरावांनी वाकून पाहिले. पाणी निवळ होते. हेमराजचा चेहरा शांत होता, ओठ किंचित विलग झालेले, केस पाण्यात हळूच हलत होते. त्याच्या खांद्यांतला ताण गेला होता. ज्या निश्चलतेविषयी त्यांनी आयुष्यभर सांगितले होते, आणि जी स्वतःच्या ठायीही क्वचितच अनुभवली होती, ती शिष्याच्या देहात उतरलेली आपण पाहत आहोत असे त्यांना वाटले. बोट हलवण्याचीही इच्छा उरलेली नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ केला.

चिंधू जवळ आला. "गुरुजी, बोट नाई उठलं. काढू का?"

वासुदेवरावांनी डावा तळहात वर केला. थांब.

सदतीस. अडतीस. चिंधूने एक पाय पाण्यात घातला होता. "गुरुजी, काढू का त्यायले?"

तळहात तसाच वर राहिला. हात पट्टीवरून फिरत होता, चुटकी वाजत होती. चिंधू त्या तळहाताकडे पाहत शिडीपाशी थांबला. एकाच काठावर एक माणूस मोजीत होता आणि दुसरा वाट पाहत होता, आणि दोघेही आपापल्या परीने आज्ञेत होते.

अठ्ठेचाळीस झाल्या तेव्हा वासुदेवरावांनी तांब्या वाजवला. मग पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवण्यासाठी त्यांनी तो उचलला, तोवर चिंधूने उडी घेतली होती.

पायरीत अडकलेले पाय सोडवायलाच वेळ गेला. फरशीवर घेतल्यावर चिंधूने त्याच्या तोंडात श्वास फुंकला, छाती दाबली, पुन्हा फुंकला. हेमराजच्या तोंडातून पाणी आले, पण श्वास आला नाही. सचिनने गाडी बोलावली. चिंधू गाडीतही त्याची छाती दाबीत राहिला. रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला बाजूला होण्यास सांगितले, तेव्हा तो बाजूला झाला, आणि तेवढ्यावरून सर्वांना कळले.

पुढचे आठ दिवस वासुदेवरावांकडे माणसे येत होती. डोळ्यांदेखत असे झाले, केवढा आघात, असे म्हणत होती. कुणी त्यांच्यासाठी दूध आणले, कुणी औषध आणून दिले. वासुदेवराव काही बोलले नाहीत. लोकांनी तो शोक मानला. शोक होताच, पण बोलता न येणे आणि न बोलणे या दोहोंमधले अंतर त्यांना कळत होते, आणि दिवसागणिक ते अधिक कळू लागले.

नवव्या दिवशी सचिन आला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांशी त्याचे बोलणे झाले होते.

"ते जोरजोरानं श्वास घेनं हाय ना गुरुजी, त्याच्यानंच झालं म्हनते. त्याच्यानं रक्तातली खराब हवा निघून जाते, अन् दम लागाचा इशाराच भेटत नाई मानसाले. आत हवा संपत जाते, अन् त्याले वाटते का आपन मजेत हावो. मंग दिवा इझल्यावानी इझते. तरी म्हने, इझल्याबरोबर वर काढलं का बहुतेक मानसं वाचते."

"वाचतात," वासुदेवराव म्हणाले.

"हाव. म्हनून तं चिंधूवर केस होऊन राह्यली. तलावाचे ठेकेदार नानाजी आहे ना, त्यायनं बयान देल्लं का चिंधू खुर्चीवर च्या पेत होता. माहं तोंड पान्यात होतं, मले काई दिसलं नाई. अन् चिंधूले इचारलं तं तो म्हनते, माही नजर चुकली."

"असे तो म्हणाला?"

"सोताच म्हनला. कामावरून काढलंच त्याले. आता पोलीस काय करते पाहू."

सचिन गेला. समोर भिंतीवर घड्याळ होते. तीस वर्षांपूर्वी, कुतूहल म्हणून, त्यांनी एकदा या घड्याळासमोर आपली मात्रा मोजून पाहिली होती. बारा मात्रांना चोवीस सेकंद लागले होते, आणि तो आकडा त्यांच्या ध्यानात राहिला होता. त्यानंतर पुन्हा पाहण्याचे कारण पडले नव्हते. माणूस आपली उंची पुन्हा पुन्हा मोजत नाही.

त्यांनी लोकरीची पट्टी गुडघ्यावर गुंडाळली. मांडी घातली. सेकंदाचा काटा बारावर येताच हात फिरवू लागले. सुजेवरून हात वळसा घेत होता, पट्टीच्या कडेला अडखळत होता, सांध्याने आखडलेल्या बोटांची चुटकी दुसऱ्या प्रयत्नाला वाजत होती. बारा झाल्या. पन्नास सेकंद झाले होते.

त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा पन्नास.

आतून त्यांना काहीच वेगळे वाटले नव्हते. फार घाई नाही, फार विलंब नाही. तेहेतीस वर्षे शिकवलेली तीच मात्रा. हेमराजने अठ्ठेचाळीस म्हटले तेव्हा त्याच्या मनात दीड मिनिटाहून थोडा अधिक काळ असेल. वासुदेवरावांच्या गुडघ्याने त्याच शब्दाचा अर्थ सव्वातीन मिनिटे केला होता. सचिनने ते थट्टेत सांगितले होते. त्यांनी त्याला देहाच्या काळाचे वाक्य ऐकवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिक्षाने चिंधूच्या घरी गेले. घर धाम नदीच्या काठच्या वस्तीत होते. अंगणात जाळे वाळत होते. चिंधूने घाईने आतून खुर्ची आणली, बाहीने पुसली.

"तुमी कायले आले गुरुजी, गुडघा दुखते तुमचा. निरोप धाडला असता तं मी आलो असतो."

"तू खोटे का बोललास?"

चिंधू खाली बसला आणि जाळ्याची एक गाठ चाचपू लागला. "खोटं काय त्याच्यात. नजर नाई तं अक्कल चुकली. जीव वाचवाचं काम माहं होतं. तुमचं मोजाचं होतं."

"मी हात वर केला होता."

"हाव. केलता."

"तू दोनदा विचारलेस."

"तिसऱ्यांदा नाई इचारलं ना." त्याने मान वर केली नाही. "हेमराजभाऊची आई मातीवर आलती. तुमच्या पायावर डोकं ठेवून म्हने, गुरुजी, शेवटी तुमी होते त्याच्याजवळ, बरं झालं. ते आयकल्यावर मी काय बोलू? अन् बोललो असतो तं कोनी मानलं असतं का? म्हनले असते, सोताची चूक बुढ्यावर ढकलून राह्यला."

"बुढ्यावर," वासुदेवराव म्हणाले.

"माफ करा गुरुजी, निघून गेलं तोंडातून."

"योग्य शब्द आहे. पायांत घाल काही, आपल्याला ठाण्यावर जायचे आहे."

चिंधू उठला नाही. "तुमीच जा. मी आलो तं त्यायले वाटन, मीच तुमाले घेऊन आलो."

हे खरे होते. वासुदेवराव एकटेच गेले.

ठाणेदार चाळिशीचा, विनयशील माणूस होता. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला, पंखा बंद करायला लावला. वासुदेवरावांनी सर्व क्रमाने सांगितले: तांब्या, बोट, तळहात, दोन वेळा विचारलेला प्रश्न. ठाणेदाराने मध्ये लिहिणे थांबवले.

"गुरुजी, मनाला लावून घेऊ नका. तुमचं वय, हा धक्का. अशा वेळी माणसाला वाटतं की सगळं आपल्यामुळेच झालं. रक्षक तो होता. पगार त्याचा त्यासाठीच होता."

"त्याला थांबवले मी."

"तुम्ही हात वर केला. त्याने समजून घ्यायला हवं होतं."

"त्याने समजून घेतले," वासुदेवराव म्हणाले. "जे चार दशके माणसे समजत आली तेच त्यानेही समजून घेतले. त्या तळहाताला आजवर कुणी ओलांडले नव्हते. विंचवानेसुद्धा वाट बदलली, असे माझे विद्यार्थी सांगत. मीही ते ऐकून घेत असे."

ठाणेदाराने चहाचा पेला त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो बाजूला केला.

"तुमच्या मोबाइलमध्ये घड्याळ आहे ना? ते लावा."

कार्यालयातल्या लाकडी बाकावर मांडी घालून वासुदेवरावांनी बारा मात्रा मोजल्या. दारात दोन शिपाई येऊन उभे राहिले. बाहेर एका ट्रकने भोंगा वाजवला आणि तो निघून गेला. बारावी चुटकी झाल्यावर ठाणेदाराने मोबाइल टेबलावर उपडा ठेवला.

"किती?" वासुदेवरावांनी विचारले.

"एकोणपन्नास."

"चिंधूने पहिल्यांदा विचारले तेव्हा एवढा काळ हाती होता. हे लिहून घ्या."

त्याने लिहून घेतले. सही झाल्यावर तो उठून दारापर्यंत आला. "याने चिंधूचं नाव पूर्ण सुटेल असं मी सांगू शकत नाही, गुरुजी. आता दोन नावं झाली, एवढंच."

"पहिल्यापासून दोनच होती," वासुदेवराव म्हणाले.

सेलूला ते चौदाव्या दिवशी गेले. तेराव्याला जाणे त्यांना जमले असते. पण त्या दिवशी पंगतीत त्यांना मानाने बसवले असते, हे त्यांना ठाऊक होते. दुकान बंद होते. मागच्या घरात हेमराजची आई, अनुसयाबाई, पडवीत गोधडीवर बसल्या होत्या. त्या वासुदेवरावांहून दोन-तीन वर्षांनी लहान. हेमराज आठवीत नापास होण्याच्या बेतात होता तेव्हा त्याला हाताला धरून त्यांनीच शाळेत आणले होते, आणि मारा पण शिकवा, असे म्हटले होते. वासुदेवरावांनी त्याला कधी मारले नव्हते.

"या गुरुजी." त्यांनी सुनेला हाक मारून आसन टाकायला लावले. पाण्याचा पेला समोर आला. "तुमी आले, बरं वाटलं. केळझरच्या गनपतीले बोललो होतो मी, मेडल आलं का त्याले घेऊन येईन म्हनून. आता कोनाले नेऊ."

वासुदेवरावांनी पाण्याला हात लावला नाही. त्यांनी सांगितले. ठाण्यात सांगितले होते त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, काही न वगळता. सून दारात उभी होती. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकून खाली बसली. अनुसयाबाई हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा ऊन सरकावे तसा सावकाश बदलत गेला, आणि मग बदलायचा थांबला.

"चिंधूनं इचारलं तवा किती झाल्या होत्या?"

"छत्तीस."

"अन् किती बोलला होता तो?"

"अठ्ठेचाळीस."

त्यांनी ओठांनी हिशेब केला. "म्हनजे बारा राह्यल्या होत्या."

"बारा."

"कसा फिरते तो हात, दाखवा मले."

वासुदेवरावांनी आपल्या गुडघ्याभोवती हात फिरवून चुटकी वाजवली. अनुसयाबाईंनी लुगडे सावरले, उजवा गुडघा उभा केला, आणि त्यावर तळहात ठेवला. "घाई नाई करत मी," त्या म्हणाल्या. "तुमच्यावानीच फिरवतो."

पहिली प्रदक्षिणा झाली. चुटकी वाजली नाही; सुरकुतलेली बोटे एकमेकांवर नुसती घासली गेली. "एक," त्या म्हणाल्या.

घरात कुठेतरी पाण्याची मोटार चालू होती. ती बंद झाली. दोन. तीन. सून सासूच्या हाताकडे पाहत होती. चौथ्या प्रदक्षिणेला वासुदेवरावांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे स्वच्छ पाणी आले, त्यात हळूच हलणारे केस आले. त्यांनी डोळे उघडले. पाच. फडताळावर हेमराजच्या तसबिरीजवळ जिल्ह्याची तीन पदके टांगलेली होती. पडवीतले ऊन उंबऱ्यावर होते तिथेच होते. सहा. छत्तिसानंतरच्या प्रत्येक मात्रेत चिंधूचा एक पाय पाण्यात होता, हे त्यांना आता दिसले. सहाव्या मात्रेलाही तो तिथेच होता. सातव्यालाही.

मोजणी चालू असता बोलायचे नाही.

"थांबा," वासुदेवराव म्हणाले. "बाई, थांबा."

अनुसयाबाईंचा हात थांबला नाही. त्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता. राग असता तर तो सोसता आला असता.

"आता बोलले तुमी," त्या म्हणाल्या, आणि आठवी मात्रा पुरी केली.

चार राहिल्या होत्या.